‘ग्रॅव्हल फोर्क’ म्हणून गळ्यात मारलेला जुना सव्वीस इंची फोर्क कसा ओळखावा

ग्रॅव्हल म्हणजे खडीच्या, कच्च्या वाटांवरची सायकल आणि फोर्क म्हणजे तिचं पुढचं चाक धरणारा, धक्के झेलणारा दुशाखी भाग. अशा फोर्कच्या जाहिरातीत दोनच गोष्टी ठळक असतात: ट्रॅव्हल (फोर्क जास्तीत जास्त किती दबतो) ६० मि.मी. आणि लॉकआउट (दबणं बंद करायची सोय). फोर्कच्या लांबीबद्दल एक अक्षर नसतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

माल असतो जुन्या सव्वीस इंची माउंटन बाइकचा एअर फोर्क, म्हणजे आत स्प्रिंगऐवजी हवा असलेला. मूळ ट्रॅव्हल ८० मि.मी. आणि ॲक्सलपासून (चाकाच्या मधल्या दांड्यापासून) क्राउनपर्यंतची (फोर्कचे दोन पाय वर जोडणाऱ्या भागापर्यंतची) लांबी साधारण ४५०. विकणारा तो उघडतो, आतल्या एअर शाफ्टवर (हवेच्या कप्प्यातल्या दांड्यावर) २० मि.मी.ची प्लॅस्टिकची कडी चढवतो, जुने स्टिकर खरवडून नवे डकवतो. आता ट्रॅव्हल ६० आणि लांबी ४३०. खऱ्या ग्रॅव्हल फोर्कची लांबीही ४३०च्या आसपासच असते. त्यामुळे टेप लावून नुसती लांबी मोजणारा शहाणा गिऱ्हाईकसुद्धा फसतो.

फरक दिसतो तो फोर्क पूर्ण दबल्यावर. लांबीतून ट्रॅव्हल वजा करा. ४० मि.मी. ट्रॅव्हलच्या ग्रॅव्हल फोर्कची लांबी ४३५ धरली, तर दबल्यावर ३९५ उरतात. या कडी घातलेल्या फोर्कचे उरतात ४३० वजा ६०, म्हणजे ३७०. कडीमुळे फोर्क वर कमी उघडतो, पण खाली पहिल्याइतकाच बसतो. आणि हे मोजमाप क्राउनच्या वरच्या बाजूपर्यंतचं असतं, तेव्हा त्यातून क्राउनची जाडी आणखी वजा होते. ती २० मि.मी. धरली, तर चाकाला जागा राहते ३५०.

आता चाकाची त्रिज्या बघा. २६ × २.२५ टायरच्या रिमचा व्यास ५५९ आणि टायर ५७, त्यामुळे अर्धी रिम अधिक टायर मिळून त्रिज्या ३३६च्या आसपास. तिच्यासाठी ३५० पुरतात. ७०० × ४० टायरची रिम ६२२, त्रिज्या ३५१. ४५चा टायर असेल तर ३५६. मोठ्या खड्ड्यात ब्रेक दाबलेला असताना फोर्क तळाला गेला, की टायर क्राउनला जाऊन आपटतो, पुढचं चाक जागीच अडकतं आणि चालवणारा हँडलवरून पुढे फेकला जातो. पैसे बुडाले याचं दुःख नंतरचं.

सपाट रस्त्यावरच्या चाचणीत हे कळत नाही, कारण विकणाऱ्याने हवा भरपूर ठासलेली असते आणि फोर्क जेमतेम अर्धा दबतो. फोटोतही कळत नाही. तिथे मुद्दाम ७०० × ३२चा टायर बसवलेला असतो. त्याची त्रिज्या ३४३, म्हणजे दिसायला चाक मोकळं फिरतं.

चाचणी एकच, आणि ती करू दिली नाही तर तिथून निघावं. स्वतःचं चाक बसवा, तेही रोजच्या टायरसह. वरच्या व्हॉल्व्हचं टोपण काढून हवा हळूहळू पूर्ण सोडा. मग हँडलवर शरीराचा भार टाकून फोर्क तळापर्यंत दाबा आणि टायर व क्राउन यांच्यातली फट मोजा. किमान ६ मि.मी. हवी, चिखलातून जायचं असेल तर जास्त. खालच्या दोन पायांना जोडणारी कमानही बघा. ती चाकाबरोबरच हलते, त्यामुळे तिथली फट फोर्क दाबला तरी बदलत नाही. तिथे घासत असेल तर कायमच घासणार. ‘हवा सोडली की सील जातं’ ही विकणाऱ्याची ठरलेली थाप. हवा सोडल्याने सील जात नाही. नंतर शॉक पंपाने हवा भरा आणि मध्ये चार-पाच वेळा फोर्क दाबून सोडा, म्हणजे आतल्या दोन्ही कप्प्यांतला दाब जुळतो.

दुरून खरेदी असेल तर टेप लावलेले दोन फोटो मागा: एक फोर्क पूर्ण उघडलेला, दुसरा हवा सोडून पूर्ण दाबलेला. दाबलेल्या फोटोत ३९०च्या खाली आकडा आला, तर ७००च्या चाकासाठी तो फोर्क संशयास्पद समजावा.

‘१०० मि.मी.च्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) बसतो’ हे वाक्य तर मोठं हुशारीचं. खोटं मुळीच नाही. जुना ९ मि.मी.चा क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा) हबही १०० रुंद आणि आजचा १२ मि.मी.चा थ्रू ॲक्सल (आरपार जाणाऱ्या जाड दांड्याचा) हबही १०० रुंद. पण खाली उघड्या खाचा असलेल्या फोर्कमध्ये १२चा ॲक्सल जाणार नाही. म्हणून रुंदी विचारू नका, ॲक्सलची जाडी विचारा. सरळ २८.६ मि.मी.ची स्टीअरर ट्यूब (क्राउनवरून फ्रेममध्ये जाणारी नळी) आणि फ्लॅट माउंट (ब्रेक सपाट बसवायची नवी पद्धत) नसलेला ब्रेक हेही जुन्या मालाचेच पुरावे. यांतला एखादा मुद्दा अडॅप्टरने सुटतो. तिन्ही एकत्र दिसले तर शंकेला जागा उरत नाही.

ग्रॅव्हलसाठी म्हणूनच बनलेले फोर्क मुळात कमी ट्रॅव्हलचे असतात. रॉकशॉक्स रूडी ३० किंवा ४० मि.मी.चा, फॉक्स ३२ टेपर-कास्ट ग्रॅव्हल ४० किंवा ५०चा. लॉफ ग्रिटमध्ये तर हवाच नाही. पट्ट्यांच्या स्प्रिंगवर ३० मि.मी.ची हालचाल आणि डॅम्पर (दबण्या-उघडण्याचा वेग आवरणारा भाग) अजिबात नाही. तेव्हा लॉफला कोणी ‘लॉकआउट आहे’ म्हणाला, तर पुढे ऐकायची गरज नाही. फॉक्सच्या खालच्या पायाच्या मागे चार अक्षरांचा कोड असतो आणि रॉकशॉक्सला अनुक्रमांक. तो कंपनीच्या साइटवर टाकला की मूळ मॉडेल कळतं. कोड खरवडलेला असेल, तर का खरवडला हे विचारत बसू नये.

खरा फोर्क जुना घेताना डोळा स्टँशनवर, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या वरच्या गुळगुळीत नळ्यांवर ठेवा. सीलच्या वर-खाली जिथे घासण होते, तिथला मुलामा उडाला असेल तर तेल गळत राहणार, आणि मुलामा परत चढवणं बहुधा परवडत नाही. ओरखडे नेलपॉलिशने भरून लपवतात. दिसलं नाही तरी नख आडवं फिरवल्यावर लागतं. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा. क्राउनमधून कटकट आवाज आला, तर आधी हेडसेट (फोर्क फ्रेममध्ये फिरवणाऱ्या बेअरिंगचा संच) ढिला आहे का ते पाहा. तो घट्ट असूनही आवाज राहिला, तर दाबून बसवलेला सांधा सुटू लागलाय, आणि त्यावर इलाज म्हणजे वरचा अख्खा भाग बदलणं. फोर्क न दाबता स्वतःच एक-दोन सें.मी. खाली बसलेला दिसला, तर आतल्या सीलमधून हवा खालच्या कप्प्यात जाते आहे.

‘कोणत्याही फ्रेमला चालतो’ हेही खपवून घेऊ नका, फोर्क अस्सल असला तरी. साध्या फोर्कची लांबी ३९५ असलेल्या फ्रेमला ४३५चा बसवला, तर भारामुळे १० मि.मी. बसूनही पुढचा भाग जवळजवळ ३० मि.मी. वर राहतो. हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचा) कोन सुमारे दीड अंशाने मागे झुकतो, पेडलचा मधला भाग साधारण १२ मि.मी. वर जातो, आणि चढावर कमी वेगात पुढचं चाक इकडेतिकडे पडू लागतं. काही फ्रेममध्ये हँडल वळवताना क्राउनवरचा नॉब खालच्या मोठ्या नळीवर आदळतो. फ्रेम सस्पेन्शनसाठी आखलेली आहे का, किती मि.मी.साठी, हे तिच्या मापांच्या तक्त्यात पाहावं.

स्टीअरर ट्यूब आधीच कापलेली असेल, तर हेड ट्यूब, हेडसेटची वर-खालची उंची, स्पेसर (मधल्या कड्या) आणि स्टेम (हँडल धरणारा भाग) यांच्या उंचीची बेरीज करून त्यातून ३ मि.मी. वजा करा. तेवढी लांबी नसेल तर फोर्क फुकट मिळाला तरी उपयोग नाही. नव्या फोर्कची ट्यूब मात्र वरच्या सगळ्या तपासण्या उरकेपर्यंत कापू नये. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ घ्या, फोर्क न कापता तात्पुरता बसवा, हवा सोडून दाबा, फट मोजा. विकणारा ‘आधी कापून घ्या, मग नीट बसेल’ असा आग्रह धरतो तो उगाच नव्हे. एकदा ट्यूब कापली की माल परत घ्यायला तो नाही म्हणू शकतो.