डेमोला चॉकलेट आप्पे की कुकर केक?
बेळगावात शहापूर-टिळकवाडीकडे भांडी विकायच्या घरगुती डेमोला 10-12 जणी जमणार असतील तर चॉकलेट आप्पेच करा. 1 वाटी मैदा, 2 चमचे कोको, अर्धी वाटी पिठीसाखर, पाऊण चमचा बेकिंग पावडर, 2 चमचे तेल. दूध घालून इडलीच्या पिठाइतकं दाट भिजवा. आप्पेपात्राचा खळगा अर्धा भरा, चॉकलेटचा तुकडा ठेवा, वर पीठ. झाकून मंद आचेवर 4 मिनिटं, उलटून 2. आच वाढली की तळ करपतो, आत कच्चं राहतं, आणि बोल मात्र पात्राला लागतो. कानडी शेजारणींना ‘पड्डूचं पात्र’ म्हणा, लगेच कळतं.

कुकर केकला शिट्टी-रिंग काढून मिठाच्या थरावर 40 मिनिटं जातात. रिंग राहिली तर वाफेने वरचा भाग ओलसर. मोठा कुकरच विकायचा असेल तर बायका यायच्या आधी चढवा.