मनोरीतलं 20 बाय 8 चं घर: एक पावसाळा काढल्यानंतर

सप्टेंबरात दाराची वरची बिजागरी निखळली. बिजागरी धड होती, तिला धरणारे स्क्रू डोक्यापाशी तुटले होते. त्यातला एक पक्कडीने ओढला तर अर्धा हातात आला, उरलेल्याचा भुगा झाला आणि पांढऱ्या पॅनलवर तपकिरी ओघळ उतरला. ट्रेलरवरून तयार आणून ठेवलेलं हे 20 बाय 8 फुटांचं घर, उभं राहून वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. समुद्राकाठी असं छोटं घर घेऊ पाहणारे भिंतींच्या पफ (फोम भरलेल्या) पॅनलची जाडी विचारतात, आतले फोटो बघतात. स्क्रूबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. म्हणून मी त्यावरच जास्त लिहिणार आहे.

आम्ही मालाडचे. मनोरीत आत्याची वाडी आहे, तिथे हे घर ठेवलंय. मार्वेला फेरीबोटीत बसलं की काही मिनिटांत पलीकडे. बोटीत दुचाकी चढते, पण घर ट्रेलरवरून आलं ते भाईंदर-उत्तनचा फेरा घेऊन. सर्व्हिसवाल्याची गाडीही त्याच रस्त्याने येते आणि त्याचं भाडं आपल्याच बिलात लागतं, हे आधी धरून चाला.

घर बनवणाऱ्या कंपनीला फोटो पाठवले. उत्तर आलं, खाऱ्या हवेने आलेला गंज वॉरंटीत बसत नाही. अहो, ऑर्डरच्या कागदावर मनोरी लिहिलंय, तुमचाच माणूस जागा बघून गेला, वाडीत उभं राहिलं की लाटांचा आवाज येतो! दुसऱ्यांदा फोन केला तर म्हणे, ‘मॅडम, स्क्रू स्टेनलेसचेच आहेत.’ मी फ्रिजवरचं लोहचुंबक काढून न वापरलेल्या जादा स्क्रूला लावलं. टक्कन चिकटलं.

चिकटणार होतंच. पत्र्यात थेट घुसणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू बरेचदा 410 ग्रेडचे असतात. त्यात क्रोमियम 12 टक्क्यांच्या आसपास असतं, निकेल जवळपास नसतंच. पोलाद कडक होतं, टोक पत्रा भेदतं आणि कागदावर ‘स्टेनलेस’ लिहायलाही मोकळीक मिळते. समुद्राकाठी लागतं ते 316. त्यात निकेलच्या जोडीला 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाला तेच तोंड देतं. लोहचुंबक चिकटलं नाही म्हणजे माल चांगला, असंही समजू नका. स्वस्तातल्या 202 लाही ते चिकटत नाही आणि खाऱ्या वाऱ्यात 202 टिकत नाही. ग्रेड बिलावर लिहून घ्यायची, तोंडी आश्वासनावर सोडायची नाही.

गंज कुठे जास्त आला, तेही बघण्यासारखं आहे. पावसाच्या माऱ्यातल्या पश्चिमेच्या भिंतीवरचे स्क्रू त्या मानाने बरे निघाले. ओसरीच्या छपराखालचे, जिथे पावसाचा थेंब पोचत नाही, ते सगळ्यात आधी गेले. वाऱ्याबरोबर आलेलं मीठ उघड्या भिंतीवरून पाऊस धुऊन नेतो, आडोशाला ते तसंच बसून राहतं. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाणी ओढून ओलं होतं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तो दिवसचे दिवस त्याच्या वरच असतो. आता आम्ही गेलो की आधी ओसरीचा आतला भाग गोड्या पाण्याने धुतो, बिजागऱ्या पुसून तेल देतो, मग चहा.

घराबद्दलचं माझं मत मात्र पहिल्या महिन्यांपेक्षा बरंच सुधारलं. सुरुवातीला जागा अपुरी वाटायची, पोटमाळा नुसता अडचणीचा. मग सासूबाई चार दिवस राहून गेल्या. 20 गुणिले 8 म्हणजे 160 चौरस फूट, बीडीडी चाळीतल्या खोलीएवढंच. सासूबाईंनी नायगावच्या तसल्या खोलीत संसार केला, मुलं वाढवली. त्यांनी आल्या आल्या ओट्याखालचं कपाट रिकामं करायला लावलं, अंथरुणं पोटमाळ्यावर चढवली, दाराआड खुंट्या ठोकून घेतल्या आणि ओल्या कपड्यांची दोरी ओसरीत बांधली. तेव्हापासून चौघं आरामात झोपतो. बायो-टॉयलेटची तक्रार नाही. पत्र्यावर पाऊस वाजायला लागला की बोलणं ऐकू येत नाही, पण मला तो आवाज आवडतो.

आणि दाराबाहेर जे आहे, त्यासाठी तर हे घर घेतलं. शेजारच्या कोळी काकांनी भरतीचा हिशेब शिकवला: तिथीला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे साधारण सहाला भरती, बाराच्या सुमारास ओहोटी. पुनवेला नि अवसेला भरती सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे व संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. ते उधाणाचे दिवस, पाणी खूप आत जातं आणि एरवी बुडालेले खडक उघडे पडतात. मुलीला मी तिथेच नेते. खडकातल्या डबक्यात समुद्रफूल असतं, हलकासा स्पर्श झाला तरी मिटतं. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे असतात. बायका खडकावरची कालवं फोडत असतात. त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही आणि डबक्यातलं काही उचलून आणायचं नाही, एवढं मुलांना आधी सांगून ठेवा. उत्तनच्या बाजूला चालत गेलं तर बांबूंवर बोंबील वाळताना दिसतात.

हवा भरायची कयाक घेतलीय. ती खाडीत आणि तीही भांगेच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत, पाण्याला ओढ कमी असताना. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर आहे ते होड्या ओढून घरी बसतात, तेव्हा आपण हौसेपायी पाण्यात उतरायचं काही कारण नाही. नारळी पौर्णिमेनंतरच कयाक निघते.

दुरुस्ती शेवटी बाहेरच करून घेतली. नागदेवी स्ट्रीटवरून 316 चे स्क्रू आणले, ग्रेड लिहिलेल्या पक्क्या बिलावर. भाव 410 च्या कितीतरी पट, तरी सगळे स्क्रू आणि मजुरी मिळून कंपनीने नुसत्या व्हिजिटचे सांगितले त्याहून कमी पैसे गेले. हे स्क्रू मऊ असतात, पत्र्यात आपण होऊन घुसत नाहीत; फॅब्रिकेटरने प्रत्येक जागी आधी भोक पाडलं, मग रबरी वॉशर घालून हाताने आवळले. कामाला दोन दिवस लागले. भोकाच्या कडेला जस्ताचा रंग लावायलाही तो विसरला नाही.

ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात ती करता येते, कंपनी कुठलीही असो, आणि वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. ऑर्डरचा कागद, जागा बघायला आलेल्या माणसाचा मेसेज आणि नव्या स्क्रूंचं बिल जोडलंय. तुटलेले स्क्रू डबीत जपून ठेवलेत, सुनावणीला घेऊन जाणार आहे.