पुण्याच्या इतिहासकोशासाठी मीडियाविकी: काही महिन्यांच्या वापरानंतर

शहराचा ऑनलाइन इतिहासकोश करायला मीडियाविकी घ्यावं का? माझं उत्तर 'हो', पण सोबत सिमॅन्टिक मीडियाविकी हे एक्स्टेन्शन (वरून जोडायचा जादा भाग) बसवणार असाल तरच. मीडियाविकी म्हणजे विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर, ते फुकट मिळतं. आम्ही काही मित्र त्यावर पुण्याचा कोश उभा करतोय.

खरा घाम काढतात त्या तारखा. शनिवारवाड्याचा पाया घातला 10 जानेवारी 1730 ला, म्हणजे माघ शुद्ध 3, शके 1651. शकात 78 मिळवायच्या सवयीने 1729 येतं. पण माघात इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, तिथे 79 हवेत. एवढ्यावर भागत नाही. मीडियाविकीच्या तारखेच्या फंक्शनला या दिवसाचा वार विचारा, ते मंगळवार सांगतं. शनिवारवाड्याच्या नोंदीत मंगळवार! कारण ही तारीख जुन्या ज्युलियन कॅलेंडरची आहे. आजच्या ग्रेगोरियन हिशोबाने तो दिवस 21 जानेवारी, आणि त्या दिवशी शनिवारच पडतो. सिमॅन्टिक मीडियाविकीत तारखेवर ज्युलियन अशी खूण करता येते, म्हणून आमची पेशवेकाळाची कालसूची नीट लागते. केवळ यासाठीही मी ते घेईन.

नावांचं काम त्यामानाने सोपं. विसापूर टाकलं की शुक्रवार पेठ उघडते, गंज पेठ टाकली की महात्मा फुले पेठ. असं पुनर्निर्देशन (रीडायरेक्ट) एका ओळीत होतं. मीडियाविकीची मूळची शोधसोय मात्र कच्ची. 'वाडा' शोधलं तर 'वाड्यात' असलेली पानं सापडत नाहीत.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो पानाचा 'इतिहास', म्हणजे त्याच्या जुन्या आवृत्त्यांची यादी. 12 जुलै 1961 च्या पानशेत पुराच्या नोंदीत कागदोपत्री माहिती आणि लोकांच्या आठवणी आम्ही वेगवेगळ्या साच्यांत (टेम्प्लेट्समध्ये) ठेवतो. पाणी कितव्या पायरीपर्यंत चढलं, यावर एकाच वाड्यातल्या दोन आज्यांचं जुळत नसेल, तर दोघींचं सांगणं राहतं. कुणी उत्साहाच्या भरात एक खोडलं, तरी जुनी आवृत्ती लगेच परत आणता येते.

ज्येष्ठ अभ्यासकांना पानं लिहायची चौकटी कंसांची भाषा शिकवत बसू नका, पेज फॉर्म्स हे एक्स्टेन्शन लावा. रकाने भरले की नोंद तयार. आणि बॅकअप घेताना चित्रांचं फोल्डर वेगळं उतरवा, नुसत्या एक्सएमएल एक्स्पोर्टमध्ये फोटो येत नाहीत.