होबो यू१२-००८ : पर्माफ्रॉस्टच्या बोअरसाठी लॉगर ठीक, पण शून्य आपलं आपणच शोधायचं

पाचापैकी साडेतीन तारे. कापलेला दीड तारा यंत्राच्या वाईटपणाबद्दल नाही. हे यंत्र मुळात या कामासाठी बनलेलंच नाही, त्याबद्दल आहे.

ऑनसेट कंपनीचा होबो यू१२-००८ हा चार सेन्सर जोडता येणारा, तळहातावर मावणारा डेटा लॉगर, म्हणजे ठरावीक अंतराने सेन्सरच्या नोंदी आपोआप साठवणारं यंत्र. शेत, कारखाना, गोदाम अशा ठिकाणचं तापमान नोंदवायला तो उत्तम. २००७-०९ च्या आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्षात पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्यावर किंवा त्याखाली राहणाऱ्या जमिनीच्या बोअरची जागतिक मोजणी वाढवायची ठरली, तेव्हा रशियातल्या बऱ्याच बोअरमध्ये हाच लॉगर आणि त्याचे टीएमसी-एचडी सेन्सर उतरले. कारण साधं होतं. एका मोठ्या मोजणी-स्टेशनच्या पैशांत असे कितीतरी बोअर सज्ज करता येतात. मॉडेल आता जुनं झालं आहे, पण ते अजून अनेक बोअरमध्ये लटकलेलं आहे आणि जुन्या साठ्यातलं मिळतंही.

आता मुख्य तक्रार. टीएमसी-एचडी सेन्सरची कंपनीने दिलेली अचूकता शून्य ते ५० अंश या पट्ट्यात ±०.२५ अंश सेल्सिअस आहे. लॉगरची सर्वांत बारीक पायरी, म्हणजे त्याला कळणारा सर्वांत लहान फरक, साधारण ०.०३ अंशाची. गोदामाला हे पुष्कळ झालं. पण पर्माफ्रॉस्टमध्ये आपण काय शोधतो? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासात २००७ ते २०१६ या काळात सलग पर्माफ्रॉस्टच्या (जवळपास सगळीच जमीन गोठलेली असते त्या) पट्ट्यात, ऋतूंचा फरक जिथे जवळजवळ मिटतो त्या खोलीवर, तापमान ०.३९ अंशांनी वाढलेलं दिसलं. तुटक पर्माफ्रॉस्टमध्ये (मधे मधे न गोठलेले तुकडे असतात तिथे) वाढ फक्त ०.२० अंश होती, कारण शून्याच्या जवळ आलेल्या जमिनीत उष्णता तापमान वाढवण्याऐवजी बर्फ वितळवण्यात खर्च होते. म्हणजे वर्षाला ०.०२ ते ०.०४ अंश. सेन्सर जसा खोक्यातून आला तसाच वापरला, तर त्याच्या चुकीत सहा-सात वर्षांची हवामानवाढ सहज लपेल. त्यामुळे या लॉगरची खरी किंमत बिलावर नसते. ती बर्फाच्या भांड्यासमोर घालवलेल्या दोन तासांत असते.

ते दोन तास कसे घालवायचे, ते नीट सांगायला हवं, कारण बहुतेक जण इथेच घाई करतात. बर्फ डिस्टिल्ड वॉटरचाच करायचा. नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे गोठणबिंदू खाली सरकतो आणि तेवढी चूक आपण स्वतःच्या हाताने सेन्सरमध्ये भरतो. बर्फ वाटाण्याएवढा बारीक फोडा, रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये गच्च भरा आणि मधल्या फटींपुरतंच गार केलेलं डिस्टिल्ड वॉटर घाला. बर्फ वर तरंगायला लागला तर पाणी जास्त झालं. तेव्हा पाणी काढून टाका, कारण ४ अंशाचं पाणी सर्वांत जड असतं आणि ते तळाशी जाऊन बसतं. सेन्सर तिथे पोचला की तो शून्य दाखवणारच नाही. चारही सेन्सर टोकाशी एकत्र बांधा, मधोमध खोचा, भांड्याच्या भिंतीला किंवा तळाला लागू देऊ नका. केबलचाही वीतभर भाग बर्फात हवा, नाहीतर बाहेरची ऊब तारेतून आत येते. एका मिनिटाच्या अंतराने नोंद लावा, अधूनमधून ढवळा, आणि शेवटच्या अर्ध्या तासाची सरासरी घ्या. ती ०.११ आली तर त्या सेन्सरच्या प्रत्येक नोंदीतून ०.११ वजा करायचे. हा आकडा सेन्सर आणि लॉगरचा चॅनल अशा जोडीचा असतो. सेन्सर दुसऱ्या भोकात खुपसला की तो बाद, म्हणून जोडीला रंगीत टेप लावा. मूळ फाइल मात्र तशीच ठेवा. वजाबाकी वेगळ्या प्रतीत करा. इतकं केल्यावर शून्याच्या आसपास चूक ०.१ अंशाच्या आत येते. उणे १० अंशाच्या बोअरमध्ये मात्र फक्त शून्यावरच्या तपासणीवर पूर्ण विसंबू नये.

आणि वर्षागणिक बदल पाहायचा असेल तर निव्वळ अचूकतेपेक्षा तोच सेन्सर त्याच खोलीवर राहणं जास्त मोलाचं. नवा सेन्सर लावायचाच असेल तर एक वर्ष जुना आणि नवा शेजारी शेजारी चालू द्या.

मेमरीचा हिशेब वरवर सोपा दिसतो, पण तो फसवतो. लॉगरमध्ये ४३,००० नोंदी मावतात. चार सेन्सर, दर तासाला नोंद, म्हणजे १०,७५० तास, ४४७ दिवस. उन्हाळ्यातून एकदा जाणाऱ्यांना पुरेसे. पण लाँच करताना, म्हणजे लॅपटॉपला जोडून नोंदणी सुरू करताना, सॉफ्टवेअरमध्ये बॅटरीचा व्होल्टेज नोंदवण्याचा चौकोन टिक केलेला राहिला, तर चारचे पाच चॅनल होतात आणि तेच गणित ८,६०० तासांवर, म्हणजे ३५८ दिवसांवर येतं. वर्षाला एक आठवडा कमी! नेमका उन्हाळ्याच्या शेवटाचा, जमीन सर्वांत खोलवर वितळलेली असते तो आठवडा हातचा जातो. दोन मीटरपेक्षा खोल सेन्सरना तासाची नोंद लागतही नाही. दर चार तासांनी नोंद ठेवा, चार चॅनलवर जवळपास पाच वर्षं निघतात. बॅटरी तेवढी टिकेल असं समजू नका. लिथियमचा सेल प्रत्येक भेटीत बदललेला बरा. घड्याळ लाँचच्या वेळी लॅपटॉपवरून घेतलं जातं, म्हणून लॅपटॉप आधी यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, लावा. युरोपात उन्हाळी वेळ बदलते आणि मग दोन वर्षांच्या फाइली तासाभराने जुळत नाहीत.

थंडीबद्दल. सेन्सर पाण्यात किंवा मातीत उणे ४० पर्यंत चालतात, पण लॉगरची स्वतःची मर्यादा उणे २० अंशांची आहे. सैबेरियातल्या याकुतियात हिवाळ्यात हवा उणे ५० ला जाते, त्यामुळे लॉगर खांबावरच्या डब्यात टांगणं म्हणजे तो मारणं. बोअरच्या पाइपच्या तोंडाशी, जमिनीच्या पातळीखाली, वर फोम आणि हिवाळ्यात त्यावर आपसूक साचणारा बर्फ, अशा जागी तो ठेवावा. डबीत सिलिका जेलची पुडी टाका. लाँच करणं आणि डेटा उतरवणं यासाठी यूएसबीची मर्यादा ० ते ५० अंश आहे, म्हणजे एप्रिलात गेलात तर लॉगर आधी कोटाच्या आतल्या खिशात गरम करावा लागतो.

यूएसबीची ती जुनाट केबल पाहून नाक मुरडणारे पुष्कळ. नवे लॉगर ब्लूटूथवर फोनलाच डेटा देतात, मग हे कशाला? कारण स्वालबार्ड या नॉर्वेच्या आर्क्टिक बेटांवरचं नी-ऑलेसुंड हे संशोधकांचं गाव. भारताचं हिमाद्री स्थानक २००८ पासून तिथे आहे आणि गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रामार्फत आपले संशोधक तिथे जातात. गावाभोवती २० किलोमीटरच्या परिघात २ ते ३२ गिगाहर्ट्झ पट्ट्यात रेडिओ शांतता पाळावी लागते. तिथल्या भूमापन वेधशाळेच्या अँटेना अतिशय क्षीण संकेत ऐकत असतात. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. मुकाट्याने वायरीने बोलणारं यंत्र तिथे परवानगीच्या कटकटीशिवाय चालतं. जर्मन संशोधकांची बायेल्वा ही पर्माफ्रॉस्टची जागा, जिच्या नोंदी १९९८ पासूनच्या आहेत, याच गावाजवळ आहे, त्यामुळे तुलनेला लांब मालिकाही हाताशी असते.

केबल हा दुसरा कच्चा दुवा. सर्वांत लांब तयार सेन्सर, टीएमसी५०-एचडी, १५.२ मीटरचा. म्हणजे १५ मीटर खोली, आणि वर लॉगर जोडायला वीतभर तार. हौसेने केबल कापून लांब करू नका. तांब्याच्या तारेचा वाढलेला रोध त्रास देत नाही. सेन्सरच्या टोकाशी असलेल्या १० हजार ओहमच्या थर्मिस्टरपुढे (तापमान वाढलं की ज्याचा रोध कमी होतो तो भाग) तो नगण्य असतो. घात करतो तो सांध्यात शिरलेला ओलावा. शून्याला अशा थर्मिस्टरचा रोध ३० हजार ओहमच्या आसपास असतो. सांध्यात विजेची १० लाख ओहमची गळती झाली तरी तापमान अर्ध्या अंशाहून जास्त चढं दिसतं. रोध कमी झाला की यंत्राला ती उष्णता वाटते. थोडक्यात, ओला सांधा हुबेहूब हवामानबदलासारखा दिसतो. एकाच सेन्सरचा आलेख वर चालला आहे आणि वरखालचे दोन्ही गप्प आहेत, असं दिसलं की आधी सांधा तपासा.

१५ मीटर पुरेसे आहेत का? जवळजवळ. ओल्या गोठलेल्या मातीत उष्णतेचा प्रसार सेकंदाला एका चौरस मीटरचा दहा लाखावा भाग धरला, तर वर्षाची लाट दर ३.२ मीटरला सुमारे एक-तृतीयांश उरते. पृष्ठभागावर सरासरीच्या वरखाली १५ अंश बदल असेल तर १० मीटरवर ०.६ अंश, १५ मीटरवर ०.१३ अंश आणि २० मीटरवर ०.०३ अंश, म्हणजे लॉगरच्या एका पायरीएवढा. म्हणून १५ मीटरवरचा एखाद्या दिवसाचा आकडा दुसऱ्या वर्षीच्या दुसऱ्या दिवसाशी ताडून पाहणं चूक. पूर्ण वर्षाची सरासरीच घ्यायची. चार सेन्सर असतील तर २, ५, १० आणि १५ मीटर ही वाटणी बरी. वरचा वितळणारा थर पाहायला वेगळा लॉगर लावा, एकाच लॉगरवर दोन्ही हौशी भागवू नका.

बोअर चुकला तर मात्र कोणताही लॉगर वाचवत नाही. पाइप अरुंद हवा, आतून दोन-तीन सेंटिमीटर. रुंद पाइपात हिवाळ्यात थंड हवा खाली उतरते आणि ऊबदार वर येते, मग आपण जमीन नव्हे तर ती हवा मोजत बसतो. मध्ये फोमच्या चकत्या घाला. तोंड घट्ट बंद करा, नाहीतर वितळलेलं पाणी आत जाऊन गोठतं आणि केबल कायमची अडकते. बोअर मारताना निर्माण झालेली उष्णता विरायला महिने लागतात, पहिल्या वर्षाचे आकडे मालिकेत धरू नका. गोठण्या-वितळण्याने जमीन पाइप वर ढकलते. पाइपवर खूण करून जमिनीपासूनची उंची दरवर्षी लिहा, नाहीतर सेन्सर नेमका किती खोल आहे हेच कळणार नाही. जवळ मोठी पेटी किंवा खांब उभा केला तर त्याच्या आडोशाला बर्फ साचतो आणि ते पांघरूण खालची जमीन गरम ठेवतं. उघडी केबल कोल्हे कुरतडतात, म्हणून लोखंडी लवचीक नळी.

पर्यायांचं थोडक्यात. डीएस१८बी२० या डिजिटल चिपची साखळी स्वस्त पडते आणि गळतीने तापमान हळूच चढवत नाही, पण तिची अचूकता ±०.५ अंश आणि पायरी ०.०६२५ अंश, शिवाय बाजारात नकली चिपा भरपूर. कॅम्पबेल कंपनीचा लॉगर, मल्टिप्लेक्सर (एका लॉगरला अनेक सेन्सर आळीपाळीने जोडणारा भाग) आणि २,२५२ ओहमचे थर्मिस्टर ही दणकट जोडणी. त्यांचा रोध शून्याला ७,३५५ ओहम असल्याने तीच १० लाख ओहमची गळती फक्त ०.१४ अंशाची चूक करते, पण १०० मीटर लांब बारीक तारेत सुमारे ०.०४ अंश उणे दिसतात, ते हिशेबात धरावे लागतात. स्वालबार्डमधल्या यान्सोनहाउगेनच्या १०२ मीटर बोअरसारख्या खोल कामात होबोचा विचारही करू नये. १५ मीटरच्या, वर्षातून एकदा भेट देण्याच्या, आणि दहा ठिकाणी करायच्या कामासाठी मात्र घ्या. घेताना दर पाच लॉगरमागे एक जास्तीचा घ्या, सेन्सर त्याच वेळी एकाच खेपेत बर्फात तपासून घ्या, आणि दोन-तीन वर्षांनी एखादा सेन्सर बोअरमधून बाहेर काढला की दुरुस्तीला हात लावण्याआधी त्याला पुन्हा बर्फात बुडवा. जुना आकडा आणि नवा आकडा यांतला फरक त्या वर्षांच्या आलेखावर लिहिल्याशिवाय फाइल कुणाला पाठवू नका.