थर्माकोलची मासळीपेटी : रात्रीच्या प्रवासाला उत्तम, त्यानंतर मात्र अडचणीची

मालवण, रत्नागिरी किंवा हर्णैच्या बाजारातून सुरमई-पापलेट घेऊन रात्रीच्या गाडीने पुण्या-मुंबईकडे निघणाऱ्यांसाठी थर्माकोलची पांढरी पेटी हा आजही सर्वांत स्वस्त पर्याय आहे. मी वापरत असलेली पेटी साधारण ४५ सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि २५ उंच असून तिच्या भिंती अडीच सेंटिमीटर जाडीच्या आहेत. तिच्यावर कोणत्याही कंपनीचे नाव नाही. बाजारातल्या बहुतेक पेट्या अशाच बिननावाच्या असतात. त्यामुळे हे परीक्षण एखाद्या उत्पादकाचे नसून त्या वस्तूचे आणि ती ज्यापासून बनते त्या पॉलिस्टायरीन या प्लास्टिकचे आहे.

पहिली जमेची बाजू वजनाची. रिकामी पेटी जेमतेम ३०० ग्रॅम भरते, कारण तिच्यात सुमारे ९८ टक्के हवा आणि उरलेले दोन टक्के प्लास्टिक असते. पॉलिस्टायरीनच्या बारीक दाण्यांमध्ये पेंटेन वायू मुरवलेला असतो. वाफ दिली की दाणा मऊ पडून मूळ आकारमानाच्या चाळीस-पन्नास पट फुगतो, आणि असे फुगलेले मणी साच्यात पुन्हा वाफ देऊन एकमेकांना चिकटवले की पेटी तयार होते. प्रत्येक मण्यातल्या सूक्ष्म कप्प्यांत अडकलेली हवा हलू शकत नाही, म्हणून बाहेरची उष्णता आत शिरायला फार वेळ लागतो.

हा गुण आकड्यांत मांडता येतो. बाहेर २५ अंश आणि आत बर्फ असेल, तर या आकाराच्या पेटीत बारा तासांत साधारण अडीच ते तीन किलो बर्फ वितळेल एवढीच उष्णता भिंतींतून आत येते. पेटीत चार किलो मासळीला चार किलो बर्फाचा चुरा घालून, मासळी आणि चुरा यांचे थर एकावर एक रचून, झाकणाची फट चिकटपट्टीने बंद केली, तर सकाळी घरी पोचेपर्यंत बर्फ शिल्लक राहतो आणि मासळीचे कल्ले लालच असतात. भिंतीची जाडी निम्मी झाली की हाच बर्फ जवळजवळ दुप्पट वेगाने वितळतो, त्यामुळे वीस-तीस रुपये वाचवण्यासाठी पातळ पेटी घेण्यात काहीही शहाणपण नाही. विकत घेताना झाकणाची कड दाबून पाहावी. मणी सुटून हाताला लागत असतील तर वाफ नीट बसलेली नाही असे समजावे.

तक्रारी अनेक आहेत. झाकणाचे कोपरे पहिल्या दोन-तीन वापरांतच मोडतात. मणी पाणी शोषत नसले तरी मण्यांमधल्या फटींत मासळीचे पाणी झिरपते आणि तो वास साबणानेही जात नाही. पेटीत गरम पदार्थ ठेवू नये, कारण पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि फुगवलेले असले तर त्याच्या आधीच आक्रसू लागते. पेट्रोल त्याला विरघळवते. लिंबा-संत्र्याच्या सालीतले तेलसुद्धा त्याला खड्डे पाडते. ज्या स्टायरीनपासून हे प्लास्टिक बनते, त्याला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ साली ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकले. बर्फातल्या मासळीत स्टायरीन उतरण्याची शक्यता अगदी कमी, कारण हा अंश मुख्यतः उष्णतेने आणि स्निग्ध पदार्थांच्या संपर्काने सुटतो. तरीही मासळी पिशवीत बांधून ठेवणे मला अधिक योग्य वाटते.

मी सर्वाधिक गुण कापतो ते पेटी मोडल्यानंतरच्या प्रकरणासाठी. जी हवा बर्फ राखते, तीच भंगारवाल्याला पळवून लावते. दहा घनमीटर हौद्याचा टेम्पो थर्माकोलच्या ठोकळ्यांनी काठोकाठ भरला तरी त्यात माल भरतो सुमारे २०० किलो, आणि पोकळ पेट्या असतील तर त्याहूनही कितीतरी कमी. डिझेलचा खर्चही निघत नाही. वास्तविक पॉलिस्टायरीन पुन्हा वितळवता येते आणि त्यापासून तसबिरींच्या चौकटी बनतातही. जपानच्या मोठ्या मासळी बाजारांत रिकाम्या पेट्या जागेवरच यंत्राने दाबून त्यांच्या घट्ट लाद्या केल्या जातात. आपल्या बंदरांवर अशी सोय झाली, तर माझ्या आक्षेपांतला निम्मा भाग गळून पडेल.

तोवर मोडकी पेटी कचऱ्यात, ओढ्यात आणि शेवटी खाडीत जाते. भरीव पॉलिस्टायरीन समुद्राच्या पाण्यात बुडते, फुगवलेले मात्र तरंगत दूरवर जाते, उन्हाने ठिसूळ होऊन मण्यामण्यांनी सुटते आणि मासे व पक्षी ते खाद्य समजून गिळतात. जाळणे हा तर उपायच नव्हे. त्यातून काळा, काजळीने भरलेला धूर निघतो. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने थर्माकोलची ताटे, पेले आणि सजावटीचे सामान बंद केले, आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. गणपतीचे मखर गेले, मासळी बाजारातल्या पेट्यांचे ढीग मात्र तसेच दिसतात.

वर्षातून एकदा गावी जाणाऱ्याने ही पेटी जाड भिंतीची घेऊन जपून वापरावी; माझ्याकडून तिला पाचपैकी तीन गुण. वारंवार ये-जा करणाऱ्याने मात्र भिंतींत पफ (पॉलियुरेथेनचा फेस) भरलेला टणक प्लास्टिकचा डबा घ्यावा. तो जड आहे, किंमतही कित्येक पट आहे, पण धुतला की त्याचा वास जातो आणि तो वर्षानुवर्षे टिकतो. थर्माकोलच्या पेटीचा कोपरा तुटलाच, तर तो सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकाने चिकटवावा. चपला चिकटवायचा पिवळा गोंद लावला, तर सांधा जुळण्याऐवजी कोपराच विरघळतो.