नव्या नाट्यगृहात आठ महिने, व्हीलचेअरवरून

आमच्या शहरातलं महापालिकेचं नाट्यगृह दुरुस्तीसाठी दीड वर्ष बंद होतं. उघडलं तेव्हा फाटकावर व्हीलचेअरचं निळं चिन्ह दिसलं आणि त्याच आठवड्यात मी तिकीट काढलं. तेव्हापासून आठ महिन्यांत अकरा कार्यक्रम पाहिले: सात नाटकं, तीन मैफली आणि भाचीबरोबर एक बालनाट्य. पहिल्याच दिवशी लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. तेव्हा सगळं कोरं होतं, चार माणसं मदतीला धावली होती. इमारत नीट कळायला मधे एक पावसाळा जावा लागला.

मला लहानपणी पोलिओ झाला. पन्नाशीपर्यंत कॅलिपर आणि कुबड्यांवर चालले, गेली तीन वर्षं व्हीलचेअर वापरते. साधी, हाताने चालवायची, २५ इंच रुंदीची.

आधी रॅम्प. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत, तिन्ही मिळून दीड फूट उंच. प्रमाण १:१२ चं असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार. दीड फुटाला अठरा फूट हवा. इथला उतार मी भावाकडून टेपने मोजून घेतला, तो आठ फूट भरला. १:१२ असेल तर मी कुणाच्याही मदतीशिवाय वर जाते. इथे मात्र निम्म्यावर गेलं की पुढची चाकं उचलली जातात आणि खुर्ची मागे उलटेल असं वाटतं. वरून फरशी गुळगुळीत ग्रॅनाइटची. जुलैत पाऊस होता, मागून ढकलणाऱ्या मुलाचा पाय घसरला आणि आम्ही दोघं खाली आलो. लागलं कुणालाच नाही, पण त्या दिवशीच्या नाटकाचा पहिला अंक मला आजही आठवत नाही.

माहिती अधिकारात नकाशा मागवला. नकाशात रॅम्प अठरा फुटांचाच आहे! बांधताना दुचाकी लावायला जागा कमी पडते म्हणून तो कापला गेला. हे कळल्यावर मला रॅम्पपेक्षा जास्त वाईट वाटलं. ज्याने नकाशा काढला त्याने आमचा विचार केला होता.

ऑगस्टमध्ये दुसरी वाट सापडली. नेपथ्याचा टेम्पो जिथे लागतो तिथून रंगमंचाच्या मागे जाणारा लांब, सौम्य उतार आहे. बॅकस्टेजच्या एका दादांनी स्वतःहून दाखवला. म्हणाले, "ताई, अख्खा सेट इथून आत जातो, तुमची खुर्ची का नाही जाणार?" मी तिथून एकटी चढते. विंगेच्या कडेने, तिथून बाजूच्या दाराने प्रेक्षागृहात. फक्त पहिल्या घंटेच्या आत पोचावं लागतं, नंतर तिथे कलाकारांची लगबग असते. त्या दादांचे उपकार मी विसरणार नाही. तरीही मला पुढच्या दारानेच यायचं आहे. नाटकाला येणं म्हणजे फाटकापाशी गजरा घेणं, कधीची भेट नसलेली मैत्रीण अचानक दिसणं, पुढच्या महिन्याच्या जाहिराती वाचत उभं राहणं. मागून आलं की हे काही वाट्याला येत नाही.

बसायची जागा चांगली आहे. पहिल्या रांगेच्या टोकाच्या दोन खुर्च्या काढून तिथे मोकळी जागा ठेवली आहे आणि सोबतच्या माणसाला अगदी शेजारी बसता येतं. मान थोडी वर करावी लागते, डावीकडचं नेपथ्य कधी झाकलं जातं, पण ते मी चालवून घेते. अडचण तिकिटाची. ऑनलाइन बुकिंगच्या तक्त्यात ही जागा दिसतच नाही, खिडकीवर जाऊन सांगावं लागतं. आता खिडकीवरच्या मॅडम फोनवरही नाव लिहून घेतात. एकदा मात्र त्या जागेवर निमंत्रितांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि मला मधल्या वाटेत थांबायला सांगितलं. आग लागली तर सगळे ज्या वाटेने बाहेर पडणार, तिथे खुर्ची लावून मी कशी बसू? मी नको म्हटलं. खुर्च्या हलवल्या, तिसरी घंटा माझ्यामुळे उशिरा झाली आणि सगळं प्रेक्षागृह माझ्याकडे बघत होतं.

आता स्वच्छतागृह. बांधकाम म्हणून हे या इमारतीतलं सगळ्यात उत्तम काम आहे. दार सरकतं आणि पुरेसं रुंद, आत खुर्ची वळवायला पूर्ण पाच फूट मोकळे, कमोडच्या दोन्ही बाजूंना पकडायला दांडे, बेसिनखाली गुडघे जातील एवढी जागा. ज्याने केलं त्याने मनापासून केलं. पण पहिले पाच महिने त्याला कुलूप होतं. किल्ली वॉचमनकडे आणि मध्यंतरात वॉचमन पार्किंगमध्ये. पंधरा मिनिटांत त्यांना शोधायचं, आणायचं, आवरायचं आणि परत जागेवर यायचं. एकदा दार उघडलं तर आत झाडू, फिनेलचे कॅन आणि कापडी फलकांची गुंडाळी. मग नाटकाच्या दिवशी मी दुपारपासून पाणी पिणं बंद केलं. सप्टेंबरमध्ये लघवीचा संसर्ग झाला, डॉक्टरांनी कारण विचारलं, मी सांगितलं आणि बोलताना रडू आलं.

त्याच आठवड्यात अर्ज लिहिला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा. त्याचं कलम २९ सांस्कृतिक जीवनातल्या सहभागाचं आहे. कलम ४५ प्रमाणे जुन्या सार्वजनिक इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य व्हायला हव्या होत्या. नियम जून २०१७ चे, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सांगितलं आहे की सुगम्यतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी म्हणून ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारकच हवेत. हे सगळं एका पानात लिहिलं, सोबत रॅम्पचं माप आणि कुलपाचा फोटो जोडला, स्वतः जाऊन दिला आणि पोच घेतली. अर्ज देताना पोच नक्की घ्या.

तीन आठवड्यांनी कुलूप गेलं. आता आतून कडी आहे. सफाईच्या मावशी मध्यंतराआधी एकदा आत डोकावून जमीन कोरडी करतात, कारण ओल्या फरशीवर कुबडी सरकते हे मी त्यांना सांगितलं होतं. गेल्या तीन कार्यक्रमांना मी घरून पाण्याची बाटली नेली.

माझ्याबरोबर बऱ्याचदा एक मैत्रीण असते, तिला अंधूक दिसतं. बाल्कनीच्या लिफ्टमध्ये बटणांवर ब्रेल आहे आणि मजला मराठीत सांगितला जातो, ते तिला आवडलं. प्रेक्षागृहातल्या पायऱ्यांना मात्र सगळीकडे एकाच गडद रंगाचं कार्पेट आहे. कडेला पिवळी पट्टी नाही, त्यामुळे दिवे मंदावले की तिला पायरी कुठे संपते कळत नाही. लॉबीतल्या उंचवट्याच्या पट्ट्यांच्या फरश्या, ज्यांवर काठी टेकत पुढे जायचं, त्या थेट वड्याच्या स्टॉलच्या टेबलाशी संपतात. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी आवाज थेट यंत्रात पोचवणारी व्यवस्था इथे नाही.

जाणार असाल तर: आदल्या दिवशी सकाळी खिडकीवर फोन करा आणि जागा लिहून ठेवली का ते विचारा. खुर्ची स्वतः चालवत असाल तर मागच्या उतारावर या, सोबत कुणी दणकट असेल तरच पुढून. गाडी टेम्पोच्या जागेशेजारी लावू देतात. रॅम्प मूळ लांबीचा करण्याचा प्रस्ताव मंजूर झाल्याचं पत्र मला मिळालंय, काम अजून सुरू झालेलं नाही. पुढच्या शनिवारी दुपारच्या प्रयोगाला मी असेन, टेप बरोबर आणणार आहे.