हिमालयन ४११ साठ हजारांवर: सर्व्हिसच्या पुस्तिकेत काय आहे, काय राहून जातं

इंजिन ऑइल कुठल्या कंपनीचं घालावं यावर बाइकवाली मंडळी तासन्‌तास वाद घालतात. गाडी रस्त्यात बसते ती मात्र बहुतेक वेळा क्लचच्या केबलने, चेनने नाहीतर एखाद्या बेअरिंगने. साठ हजार किलोमीटर झालेल्या, सामान आणि मागे माणूस घेऊन कोकण-गोवा-घाट करणाऱ्या रॉयल एनफिल्डच्या हिमालयन ४११ बद्दल सांगायचं ते एवढंच: पुस्तिकेतले सर्व्हिसचे टप्पे पाळाच, पण ते कमाल मर्यादा म्हणून. आणि टप्प्यात 'किलोमीटर किंवा महिने, जे आधी होईल ते' असं असतं, त्यातल्या महिन्यांकडेही बघा.

ऑइल लवकर उरकू. १५डब्ल्यू-५० (हा ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) सेमी-सिंथेटिक, पुस्तिकेनुसार १०,००० किमीला बदल आणि मध्ये ५,००० ला तपासणी. महामार्गावर ते पुरतं. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, अर्धा क्लच दाबून चालणाऱ्या गाडीला ६-७ हजारांवर बदललेलं बरं, कारण क्लचच्या प्लेटा याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या बाइकसाठीचं मानक) हवंच. कारचं ऑइल घातलं की क्लच घसरायला लागतो. दर वेळी ऑइल फिल्टर, त्याची ओ-रिंग (रबरी कडी) आणि ड्रेन बोल्टचा वॉशर नवा. पातळी मेन स्टँडवर, इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून, बंद करून थोडं थांबल्यावर इंजिनवरच्या काचेतून बघायची. साइड स्टँडवर बघून 'कमी आहे' म्हणत जादा ओतलेलं ऑइल ब्रीदरच्या नळीतून एअरबॉक्समध्ये (एअर फिल्टरच्या डब्यात) जातं आणि एअर फिल्टर भिजवतं.

टॅपेटबाबत, म्हणजे व्हॉल्व्हपाशी सोडलेल्या बारीक गॅपबाबत, उलटी समजूत आहे. टिकटिक करणारा टॅपेट सहसा फारसं नुकसान करत नाही, गप्प झालेला करतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटमध्ये बसत जातो, गॅप कमी होते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. गरम इंजिन स्टार्टला वेळ घेऊ लागलं, आयडलिंग डगमगलं, तर आधी गॅप मोजा. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे गाडी आदल्या रात्रीच गॅरेजला ठेवायची. सकाळी चालवत नेलेल्या गाडीचं तासाभरात केलेलं टॅपेट सेटिंग हे सेटिंग नव्हे. इथे गॅप ठरवायला स्क्रू आणि लॉकनट आहे. नट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यावर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून बघावाच लागतो. ही दुसरी मोजणी हमखास टाळली जाते.

चेन साफ करून ऑइल द्यायची ती साधारण ५०० किमीला, पावसाळ्यात रोज मुक्कामाला पोचल्यावर, गरम असतानाच. साफ करायला रॉकेल किंवा डिझेल. पेट्रोल नको, चेनच्या कड्यांमधल्या ओ-रिंगचं रबर फुगतं. ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूला सोडायचं, म्हणजे फिरताना ते बाहेरच्या दिशेने सरकतं. ढिलाई चाक फिरवून तीन-चार जागी मोजा आणि सर्वांत घट्ट जागा धरून सेट करा, कारण चेन सगळीकडे सारखी ताणत नाही. जास्त घट्ट चेन जास्त महाग पडते: सामान लादून मागचं चाक वर दबलं की ती गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढते. मागच्या स्प्रॉकेटवर (चेनच्या दातेरी चाकावर) मधोमध कडी बोटाने ओढून बघा, अर्धा दात उघडा दिसला तर किट बदला. दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन एकत्रच. जुन्या दातांवर नवी चेन फार टिकत नाही.

एअर फिल्टर कोकणातल्या लाल धुळीत पुस्तिकेतल्या निम्म्या अंतरावरच बघावा. साफ करताना फार जोराच्या हवेने त्याचा कागद फाटतो.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, गाडी उभी असली तरी. डॉट ४ (या ब्रेक ऑइलचा ग्रेड) चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअस, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत येऊ शकतो. आंबोली किंवा वरंधा घाट उतरताना तापलेलं ऑइल उकळून ब्रेकची लिव्हर मऊ पडते ती अशी. पॅड बदलताना कॅलिपरच्या पिना सिलिकॉन ग्रीस लावून सरकत्या करा, नाहीतर एकच पॅड झिजतो.

आता पुस्तिकेतला टप्पा आला तरी कामात राहून जाणारा भाग. कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग: पुढचं चाक अधांतरी धरून हँडल हळू फिरवा. बरोबर मध्ये खाच जाणवली तर बॉलने रेसवर (बॉल ज्या कडीवर फिरतात तिच्यावर) खड्डे पाडलेत. नट आवळून ते भरत नाहीत, किट बदलावं लागतं. मागच्या हबमधलं रबर: चाक पुढेमागे हलवल्यावर स्प्रॉकेट त्याच्याबरोबर न जाता मोकळं हलत असेल तर रबर संपलं, अॅक्सिलरेटर सोडताना बसणारा झटका चेनचा वाटतो, असतो याचा. स्विंगआर्म आणि मागच्या शॉकअपच्या लिंकेजचं (जोडदांड्यांचं) ग्रीसिंग जॉब कार्डावर वेगळं लिहून घ्या, सांगितल्याशिवाय कोणी उघडत नाही. प्रेशर वॉशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर आणि या जोडांवर धरू नका. सीलमधून पाणी आत जातं आणि ग्रीस धुऊन निघतं. आऱ्यांवर पान्याने टकटक करा, जो बद्द वाजतो तो ढिला.

क्लचची केबल लिव्हरपाशी, निपलच्या (तारेच्या टोकाच्या गोळीच्या) तोंडाशी तुटते. एक-दोन तारा सुटलेल्या दिसल्या की त्याच आठवड्यात बदला. नवी केबल जुनीच्या शेजारून ओवून, दोन्ही टोकं टेपने बंद करून ठेवली तर रस्त्यात टाकी उतरवायची वेळ येत नाही. फक्त ओवल्यावर इंजिन न्यूट्रलला चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा; कुठेही आरपीएम वाढला तर कुठली तरी केबल ओढली जातेय.